विंडोज १० थांबले; अभ्यासिकेतला संगणक भंगारात का घालायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. ही बातमी शहरातल्या कंपन्यांची म्हणून वाचली गेली आणि विसरली गेली. पण तिचा फटका नेमका कुणाला बसतो हे पाहायचे असेल, तर हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या विहाराची किंवा समाजमंदिराची अभ्यासिका पाहावी. तिथला संगणक बहुधा कुणीतरी दान दिलेला, कुठल्या तरी कचेरीतून निघालेला किंवा नांदेडच्या बाजारातून जुना घेतलेला असतो. वय आठ-दहा वर्षे. त्यावर विंडोज १०, कुठे कुठे तर अजून विंडोज ७, ज्याची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपली. आणि याच संगणकावरून वस्तीतली मुले-मुली महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, स्वाधार योजनेची कागदपत्रे जोडतात, पोलीस भरतीचा फॉर्म भरतात.

सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली म्हणजे संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. तो चालत राहतो, म्हणूनच धोका लक्षात येत नाही. विंडोजमध्ये यापुढे जे दोष सापडतील ते उघडे राहतील, आणि ते शोधून चोरी करणारे लोक जगभर बसलेले आहेत. आपल्या मुलांचा आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासवर्ड हे सगळे त्या एका संगणकातून जाते. शिष्यवृत्तीचा हप्ता ज्या खात्यात येतो, त्याच खात्याचा हा प्रश्न आहे.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदतीची सोय ठेवली आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते. जिथे ते शक्य आहे तिथे जरूर करावे. पण ही उसनी मुदत आहे. त्यानंतर विंडोज ११ घ्यावे म्हटले, तर कंपनीच्या अटी अशा : टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधीचे धडधाकट संगणक एका अटीने बाद झाले. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सांगणारे खूप आहेत. पण अशा संगणकाची जबाबदारी कंपनी घेत नाही.

म्हणजे आपल्यापुढे तीन वाटा उरतात. आहे ते तसेच चालू द्यायचे. नवे संगणक घ्यायचे. किंवा जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचे. पहिली वाट धोक्याची, दुसरी पैशांची. तिसऱ्या वाटेविषयी आपल्यात बोलले फार जाते आणि केले कमी जाते, कारण लिनक्स म्हटले की पहिल्याच पायरीवर प्रश्न येतो : कोणते?

आधी मनातला प्रश्न

त्याआधी एका आक्षेपाकडे पाहिले पाहिजे. तो कार्यकर्त्यांच्या बैठकीत उघड बोलला जात नाही, पण मनात असतो. जुने संगणक, फुकटचे सॉफ्टवेअर. पुन्हा आपल्याच वाट्याला दुसऱ्यांनी टाकलेले का?

हा राग रास्त आहे. उतरलेले कपडे आणि उरलेले अन्न यांवर जगायला लावलेल्या पिढ्यांची आपण लेकरे आहोत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले अन्न सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. तेव्हा स्वस्त आहे म्हणून काहीही घ्या, असे आम्ही म्हणणार नाही.

पण लिनक्स ही उतरन नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा गाभा आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोची निरीक्षणे ज्या संगणकांवर तपासली जातात, तिथेही लिनक्सच आहे. औंढ्याच्या वेधशाळेत उद्या काम करू इच्छिणाऱ्या मुलीने ते आज वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकणे, यात कमीपणा कुठे आला?

फरक मालकीचा आहे. दुसऱ्याने टाकलेली वस्तू आपण कशीबशी वापरत राहिलो आणि ती बंद पडली की पुन्हा त्याच्याच दारात गेलो, तर ते लाचारीचे. तीच वस्तू आपण उघडली, समजून घेतली, दुरुस्त केली आणि किती दिवस चालवायची हे आपण ठरवले, तर ती आपली. म्हणून लिनक्स निवडताना ‘सर्वांत हलके कोणते’ याच्या जोडीला ‘आपल्या जिल्ह्यात आपल्याच मुलांना सांभाळता येईल असे कोणते’ हेही विचारायचे.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. लिनक्स टाकले म्हणून नव्या संगणकांची मागणी सोडायची नाही. जिल्हा वार्षिक योजनेतली अनुसूचित जाती उपयोजना, समाजकल्याणची वसतिगृहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, या सगळीकडे अभ्यासिकेसाठी संगणकाची मागणी लेखी गेली पाहिजे. ती मंजूर होईपर्यंत मुलांचे वर्ष मात्र थांबत नाही.

जमीन पाहून वाण

लिनक्स हा गाभा आहे. त्याभोवती वेगवेगळ्या गटांनी आपापली प्रणाली बांधली आहे. तिला डिस्ट्रिब्यूशन, बोलण्यात डिस्ट्रो म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. पीक एकच, वाण अनेक. हलक्या रानात भारी रानाचा वाण कुणी पेरत नाही. तेव्हा वाणाआधी जमीन पाहू.

तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, प्रोसेसर ६४-बिट आहे की ३२-बिट. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाऊट उघडले की दिसते. ‘एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर’ असे लिहिले असेल तर तो ६४-बिट, मग त्यावरचे विंडोज ३२-बिट असले तरी चालेल. अशी गाठ बऱ्याच ठिकाणी असते आणि चांगला संगणक उगाच बाद ठरवला जातो. २००६ नंतरचे कोअर टू ड्युओ ६४-बिटच, आणि त्यापुढचेही बहुतेक सगळे. दुसरी गोष्ट, रॅम किती. तिसरी, साठवण जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी.

आता वाण.

संगणक ६४-बिट आणि रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल, तर आमचे मत सरळ आहे : लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. मिंट किमान २ जीबी रॅम मागते आणि ४ जीबी असावी असे सांगते. तिचा पडदा विंडोज वापरलेल्याला ओळखीचा वाटतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्ती मिळणार आहे. एकदा बसवले की दरवर्षी उलथापालथ करावी लागत नाही.

६४-बिट आहे पण रॅम २ जीबीच, आणि वाढवणे शक्य नाही. तिथे लुबुंटू किंवा अँटीएक्स पाहावे. अँटीएक्स डेबियनवर आधारलेली आहे आणि जुन्या यंत्रांसाठीच बांधलेली आहे. तिचा पडदा साधा, थोडा रुक्ष वाटेल, पण चालते.

खरोखर ३२-बिट किंवा १ जीबी रॅमचा संगणक असेल, तर खोटी आशा देऊ नये. ३२-बिटची वाट आता सगळीकडून बंद होते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. गुगल क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडले. फायरफॉक्सनेही आता तोच रस्ता धरला. अशा यंत्रावर अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती टाकून टायपिंगचा सराव, पीडीएफ वाचन, लहान मुलांचे खेळ एवढे करता येईल. बँक आणि शिष्यवृत्तीचे काम त्यावर करू नये.

दोन नावांविषयी तरुण हमखास विचारतात. एक ‘बोधी लिनक्स’. नाव आपले, तिच्या पडद्याचे नाव ‘मोक्ष’. ती हलकी आहे आणि उबुंटूवर उभी आहे. पण नाव बोधी म्हणून ती विहारात बसवावी, हे कारण होऊ शकत नाही. सांभाळणारा गट लहान, वापरणारे कमी, म्हणजे अडचण आली तर उत्तर सापडायला वेळ. दुसरे नाव ‘बॉस लिनक्स’. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची, डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली. भारतीय भाषांची सोय हा तिचा हेतू. पण आज मराठी मिंटमध्येही नीट चालते. इनस्क्रिप्ट कळफलक आहेच, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचे असेल तर आयबस आणि एम१७एन हे जोड-सॉफ्टवेअर टाकता येते. दोन्ही वाईट नाहीत. आमचा मुद्दा एवढाच की नाव, झेंडा, अभिमान यांवरून वाण ठरवू नये.

आणि तपासून पाहणे इथे फार सोपे आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येते. संगणकातल्या विंडोजला हात न लावता. एक दिवस चालवा. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, महाडीबीटी उघडते का, ते स्वतः पाहा. पटले तर बसवा. बसवण्याआधी जुन्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

वजन कशाचे आहे?

हलक्या डिस्ट्रोविषयी एक गैरसमज आहे. लोक दहा डिस्ट्रो बदलून पाहतात, कारण कुणाची ३०० एमबी रॅम वाचते, कुणाची ५००. पण संगणकाला खाली बसवते ते ब्राउझर. सरकारी संकेतस्थळाच्या दोन खिडक्या आणि एक व्हिडिओ उघडला की एक-दीड जीबी सहज जाते, मग खाली कोणतेही लिनक्स असो. तेव्हा डिस्ट्रो शोधण्यात महिना घालवण्यापेक्षा जुनी ४ जीबीची रॅमपट्टी मिळवणे आणि फिरत्या डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवणे, यांनी फरक जास्त पडतो. जयंतीला चौकात लागणाऱ्या मोठ्या फ्लेक्सचा हिशेब मंडळाने एकदा काढावा. दोन फ्लेक्स कमी केले तर एक संगणक पुढची चार-पाच वर्षे उभा राहू शकतो.

काय होणार नाही

लिनक्सचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम विंडोज आणि एमएस ऑफिसभोवती आहे. सरकारमान्य संगणक टायपिंगच्या परीक्षेचा सरावही विंडोजवरच होतो. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअरे बहुधा विंडोजसाठीच बनलेली. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर स्वतःची वेगळी भाषा बोलतो. लिनक्सवर तो चालवता येतो, पण खटपट करून. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र सहज लागतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेले जुने अर्ज आणि पत्रके युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. ते काम विंडोज काढण्याआधी उरकावे.

म्हणून अभ्यासिकेत चार संगणक असतील तर तीन लिनक्सवर न्या. जो त्यातल्या त्यात नवा आहे तो विंडोजवर ठेवा, तोही अधिकृत. क्रॅक केलेले विंडोज आणि ते चालू करणारी चोरटी सॉफ्टवेअरे हा विषाणू आत येण्याचा राजरस्ता आहे. बाकी अर्ज, स्कॅन, फोटो लहान करणे, पत्र लिहिणे, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ पाहणे, हे सगळे लिनक्सवर होते.

‘नोकरीत विंडोजच लागते, मग मुलांचे नुकसान नाही का?’ असे पालक विचारतात. उत्तर असे की लिब्रेऑफिसमध्ये पत्र आणि तक्ता करायला शिकलेल्याला वर्ड-एक्सेल वळवायला आठवडा पुरतो. उलट सर्व्हर, नेटवर्क, सायबर सुरक्षा या ज्या कामांत आज पगार आहे, तिथे लिनक्स येणे ही अटच असते.

एक जिल्हा, एक वाण

आता मुख्य गोष्ट. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत, पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि दर पाच माणसांत चारहून अधिक खेड्यांत. अशा जिल्ह्यात प्रत्येक अभ्यासिकेने आपापल्या हौशीने वेगळी डिस्ट्रो टाकली तर काय होईल? सेनगावचा मुलगा एक शिकेल, वसमतची मुलगी दुसरे, आणि एकाची अडचण दुसऱ्याला सुटणार नाही. ज्याने हौसेने बसवले तो पुण्याला कामाला गेला की संगणकावर धूळ. त्यानंतर गाव म्हणेल, लिनक्स वाईट.

केरळने हे ओळखले. शाळांतले संगणक-शिक्षण त्यांनी २००० च्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली ठरवली, ती मल्याळममध्ये आणली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळाशाळांत उभे राहिले. एक प्रणाली आणि तिला सांभाळणारी माणसे, या दोन गोष्टी बरोबर केल्या म्हणून ते टिकले. आपल्या शेजारच्या गोव्यातही २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्ससह शाळांना दिले होते. म्हणजे कल्पना नवी नाही. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या कामकाजासाठी मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण काढले आहे.

आम्ही सुचवतो ते असे. ६४-बिटसाठी मिंट एक्सएफसीई आणि अगदी जुन्यासाठी अँटीएक्स, एवढे दोनच वाण जिल्ह्याने ठरवावेत. प्रत्येक तालुक्यात चार जण तयार करावेत, त्यांत निम्म्या मुली. मुली गावातच थांबतात म्हणून नव्हे; संगणकाची चावी मुलाच्या हातात आणि मुलगी रांगेत, हे विहारात तरी चालू नये म्हणून. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. ती चांगले नेट असेल तिथे एकदा उतरवून पेनड्राइव्हवर तालुकाभर फिरवता येते. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत, मोफत.

प्रत्येक संगणकाजवळ एक साधी वही असावी. कोणत्या तारखेला काय बसवले, अपडेट कधी केले, काय बिघडले, कुणी दुरुस्त केले. मुख्य पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे असावा, एकट्याकडे नको. विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते असावे आणि अर्ज भरून झाल्यावर ब्राउझर कुणाचाही पासवर्ड लक्षात ठेवणार नाही असे करून ठेवावे. महिन्यातून एक रविवार, वंदनेनंतर तासभर, अपडेटसाठी.

१९५० साली औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात खेड्यापाड्यातल्या आपल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार त्याने उघडून दिले. दार उघडण्याचे काम बाबासाहेबांनी केले. ते उघडे ठेवण्याचे काम आज अर्जाच्या शेवटच्या तारखेला, रात्री, वस्तीतल्या एका संगणकावर होत असते. तो संगणक चालू राहील की नाही हे कुठल्या कंपनीच्या तारखेवर सोडायचे नसेल, तर येत्या रविवारी आपल्या अभ्यासिकेतला संगणक उघडा आणि त्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : प्रोसेसर, रॅम, डिस्क.